गाढवबाईंचा चेहरा

समोर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे गाढवबाई. दोन्ही नावं त्यांच्या कानांवर होती. दुसऱ्या नावात रागावण्यासारखं काय आहे, हे मात्र त्यांना कधी समजलं नाही. उभा जन्म गाढवांत गेल्यावर लोक दुसरं काय म्हणणार, कोकिळा?

कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या. विभागातले बाकीचे लोक माणसांचा अभ्यास करत, म्हणजे विद्यार्थ्यांना छापील प्रश्न वाटत. आणि विद्यार्थी सरांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन तेवढंच लिहून देत. गाढव असली खुशामत करत नाही, असं बाईंचं तरुणपणीचं मत होतं. ते मत त्या सगळ्यांना ऐकवायच्याही. शहराच्या कडेला वीटभट्टी होती. तिथून त्यांनी कामाला निरुपयोगी झालेली एक जोडी मागून आणली, एक राखाडी मादी आणि एक काळसर नर. भट्टीवाल्याने दोर हातात देताना विचारलं, ‘‘बाई, घरात कुणी ऐकत नाही म्हणून का?’’ बाईंनी त्याला गंभीरपणे समजावून सांगितलं, की तसं नाही, आपल्याला यांचं ऐकायचंय. भट्टीवाला हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं सांगत होता.

विभागामागे मोडक्या बाकांची पत्र्याची शेड होती. बाक बाहेर गेले, भुरी आणि काळू आत आले.

घरी बाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. आई लवकर गेली. वडील फिरतीच्या नोकरीत, घरी आले तरी पाहुण्यासारखे. धाकटीची वेणी, धाकटीचा अभ्यास, धाकटीचा ताप, सगळं ताईनेच निभावलं. त्याच्या बदल्यात धाकटीला एक विद्या आपोआप आली होती. ताई जिना चढून दारात उभी राहिली, की चपला काढायच्या आत ती सांगायची, ‘‘आज कुणाशी तरी वाजलंय तुझं.’’ किंवा, ‘‘काहीतरी आणलंयस, पिशवी पाठीमागे कशाला धरतेस?’’ ताईची डावी भुवई सगळं बोलून टाकायची. बाहेरच्यांना ते दिसत नसे. धाकटीला त्या भुवईची बाराखडी पाठ होती.

शेडमध्ये बाईंचा प्रयोग साधा होता. झाकण घातलेली दोन घमेली. एकात चंदी, म्हणजे भिजवलेलं दाणं, दुसरं रिकामं. बाई दोन्हींच्या मधोमध उभ्या राहत आणि गाढवाने एक घमेलं निवडायचं. वास दोन्हींना सारखाच यावा म्हणून दोन्ही चंदीने घासून ठेवलेली. काळू मनाला येईल तिकडे जाई. भुरी मात्र चुकेचना. घमेली बदला, जागा बदला, ती थोडी थबके, कान फिरवी, आणि नेमकी भरलेल्या घमेल्यावर जाऊन थांबे. गाढवाला स्मरण आणि तर्क दोन्ही असतात, असा निबंध बाईंनी लिहिला. तो छापून आला. वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला. एरवी चहाच्या वेळी ‘काय म्हणतात तुमचे नातेवाईक?’ म्हणणारे सहकारीसुद्धा शेडमध्ये डोकावून गेले.

मग बाईंची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, दाढ काढली, आणि अर्धं तोंड बधिर झालेल्या बाई घरी जायचं सोडून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून थेट शेडमध्ये गेल्या. दिवस वाया कशाला घालवायचा. घमेली मांडली, भुरीला सोडलं. भुरी मध्यापर्यंत आली, बाईंकडे बघत उभी राहिली, आणि उभीच राहिली. शेवटी रिकाम्या घमेल्याकडे गेली. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. बाईंना वाटलं जनावर आजारी आहे. मग स्कार्फ सोडला, तरीही तेच. दुसऱ्या दिवशी बधिरपणा उतरला आणि भुरी पुन्हा बिनचूक झाली.

बाई त्या संध्याकाळी घरी आल्या त्या थेट पलंगावर बसल्या. भुरीला घमेल्यातलं काही कळत नव्हतं. भुरी त्यांचा चेहरा वाचत होती. ती बरोबर घमेल्याकडे वळली की बाईंच्या नकळत त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि ते चेहऱ्यावर उमटायचं. गाढवही मास्तरला आवडेल तेच लिहीत होतं.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. बाईंनी सगळ्या विभागाला बोलावलं, आपला निबंध चूक आहे असं उभं राहून सांगितलं, आणि छापणाऱ्यांनाही तसं कळवलं. लोकांनी त्यांची कीव केली, काहींनी मागे हसून घेतलं. पण खरं सांगायचं तर बाईंचं जे काही नाव पुढे झालं ते या माघारीमुळेच. जनावराची परीक्षा घेताना आधी आपली परीक्षा घ्या, हे इतक्या सरळपणे कुणी स्वतःवर ओढवून घेतलं नव्हतं.

आता प्रश्न होता चेहऱ्याचा. पडद्यामागे उभं राहून पाहिलं, तर माणूस दिसेना म्हणून गाढवं जागची हलेनात. परकं माणूस उभं केलं तर बिथरत. चंदी दुसऱ्याने लपवायची, बाईंना कळूच द्यायचं नाही, हेही करून पाहिलं. पण माहीत नसलं तरी माणसाला मनातून एखादं घमेलं बरोबर वाटतच असतं, आणि भुरीला तेवढं पुरे होतं. म्हणजे उभं तर राहायला हवं, पण चेहऱ्यावर काही नको. कोरी पाटी.

चेहरा कोरा झाला की नाही हे सांगणार कोण? आरशाचा उपयोग नाही, आरशात आपण स्वतःला फसवतो. ताईचा चेहरा जगात सगळ्यात चांगला ज्याला वाचता येत होता, असं माणूस घरातच होतं.

रोज जेवणं उरकली की स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन वाट्या पालथ्या पडायच्या. एकीखाली शर्टाचं बटण. ताई समोर बसायची, धाकटी दोन्ही वाट्यांवरून बोट फिरवायची आणि ताईकडे बघून म्हणायची, ‘‘ही.’’ बटण तिथेच असायचं. ‘‘भुवई आवर, ताई. नाकपुडीसुद्धा हलली.’’ धाकटीला मोठी मौज वाटायची. एरवी ताई तिला शिकवायची, इथे ती ताईची मास्तरीण होती. ‘‘श्वास धरलास. पुन्हा.’’ ‘‘डोळे मिचकावायचे विसरलीस, तेही कळतं गं.’’ हळूहळू भुवई थांबली, मग ओठांचे कोपरे, मग मानेची ती शीर. आणि एका संध्याकाळी धाकटी चुकली. परत खेळली, परत चुकली. चिडून अगदी नाकाला नाक लावून पाहिलं. काही नाही.

ताईने टेबलावर थाप मारली. ‘‘जमलं!’’

धाकटी हसली खरी, पण वाट्या उचलता उचलता म्हणाली, ‘‘आता तू माझ्यावर चिडलीस का नाही, हे मला कसं कळायचं?’’

‘‘विचारायचं की.’’

‘‘विचारावंच लागायचं असेल तर बहीण कशाला? शेजारीण पुरे झाली.’’

ताईला ते पटलं नाही. तिच्या मते विचारणं हाच जगातला सगळ्यात खात्रीचा मार्ग होता. आणि पुढचे प्रयोग खरोखरच सुरेख झाले.

शेडच्या दारावर बाईंनी पाटी लावली: चेहरा बाहेर ठेवून आत या. नवे विद्यार्थी हसत आत शिरत आणि थोड्या वेळाने हसणं विसरून बाहेर येत. गाढव थांबतं ते हट्टाने नव्हे, पुढे काय आहे याचा त्याला अजून निकाल लागलेला नसतो म्हणून, हे बाईंनी दाखवून दिलं. मार दिला तर निकाल लांबतो, तेवढंच. गाढवाला कळप लागत नाही, एक सोबती लागतो, हेही त्यांचंच. जोडीतली दोघं तोंडं विरुद्ध दिशांना करून, एकमेकांच्या पाठीवर मान टाकून तासन् तास उभी राहतात. वेगळी केली तर चाऱ्याला तोंड लावत नाहीत. बाई भट्ट्याभट्ट्यांवर जाऊन सांगायच्या, विकायची तर जोडीने विका. आधी लोक टाळ्या देऊन हसले. मग सोबत्यापासून तोडलेलं जनावर महिनाभर कामाला लागत नाही, हे ध्यानात आल्यावर ऐकायला लागले. आजही त्या भागात एकटं गाढव विकायला आणलं तर गिऱ्हाईक विचारतं, दुसरं कुठाय? हे कुणी सुरू केलं ते त्यांना ठाऊक नाही.

काळू मेला तेव्हा भुरी त्याच्या रिकाम्या जागेशेजारी उभी राहिली. बाईही दिवसभर शेडमध्ये उभ्या होत्या, भुरी काय करते ते टिपत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपसांत म्हणाले, बाईंचं काळीज दगडाचं आहे बुवा.

सवय अशी, की शेडबाहेर काढून ठेवलेला चेहरा बाई घरी जाताना उचलायला विसरू लागल्या. धाकटीचं लग्न झालं, एका औषधविक्रेत्याशी. ती सासरी निघाली तेव्हा सगळे रडले आणि बाई एखाद्या हजेरी घेणाऱ्यासारख्या उभ्या. सासूबाईंनी कुजबुजत विचारलं, मोठीचा काही राग आहे का लग्नाला? धाकटीने सांगितलं, तिचं कामच तसं आहे. हे वाक्य तिला पुढे जन्मभर सांगावं लागलं. मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं. मावशी रागावली नाहीये, तिचं कामच तसं आहे. सांगून सांगून शेवटी तिचा स्वतःचाच त्यावरचा विश्वास थोडा झिजला असावा.

बाई निवृत्त झाल्या. विभाग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेला. त्याला सगळे दाढीवाला म्हणत. कोरा चेहरा त्याला कधी जमला नाही, म्हणून त्याने दाढी वाढवली होती, असं तोच सांगे. तो आठवड्यातून एकदा येऊन जाई. बाकी जिना, दोन खोल्या आणि बाई.

औषधविक्रेता वारला, आणि धाकटी काही दिवस राहायला ताईकडे आली. मुलगा दूरच्या शहरात होता, तो आईला बोलावत होता. धाकटीचा निकाल अजून लागला नव्हता. ती बघायला आली होती, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाईंनी काय नाही केलं? मागची खोली पुस्तकांनी भरलेली होती, ती रिकामी केली. नवी गादी आणली. धाकटीचे गुडघे दुखतात म्हणून न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवून घेतली. गळका नळ बदलला. आयुष्यात पहिल्यांदा पडद्यांचा रंग निवडला. धाकटीने ती टापटीप खोली पाहिली आणि तिला वाटलं, पाहुण्यांची सोय चांगली ठेवलीय ताईने. दांडी तिने पकडली रोज, पण ती कुणासाठी बसवली, हे बाईंनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

दिवस बरे गेले. सकाळी चहा, मग भाजी निवडत धाकटीची बडबड. बाई ऐकत. ‘‘ऐकतेयस ना?’’ ‘‘हो.’’ ‘‘मग हूं तरी म्हण, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.’’ बाई हूं म्हणत.

जायचा दिवस जवळ आला. धाकटी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. बाई दारात उभ्या होत्या. धाकटी हातातल्या घडीकडे बघत सहज बोलल्यासारखं बोलली, ‘‘राहूनच टाकू का गं मी इथे कायमची? का कंटाळशील?’’ आणि तिने मान वर केली.

बाई हसल्या. इतक्या वर्षांचं सगळं बाजूला सारून, ठरवून, मनापासून हसल्या. छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं त्यांना वाटलं. तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘बघ, तुला बरं पडेल तसं.’’ शब्दांत कुठे अडकायचं, हसण्यात सगळं आलंच की.

धाकटीने क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि घडी पुरी केली. दुसऱ्या दिवशी ती मुलाकडे गेली.

बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही, पण त्यांना ते लागलं होतं. आपण एकदाच दार उघडलं आणि समोरच्या माणसाने आत न येता पाठ फिरवली, असं त्यांना वाटलं. धाकटीचे फोन आले की त्या बरं आहे, ठीक आहे, एवढंच बोलायच्या. फोन कमी होत गेले. मागच्या खोलीत पुस्तकं परत आली.

पुढे बाईंचं अक्षर बारीक झालं, इतकं की दाढीवाल्याला वाचायला चष्म्यावर भिंग धरावं लागे. पाऊल आखूड पडायला लागलं. आवाज खाली गेला. वय झालं, असं सगळे म्हणाले, बाईसुद्धा. एकदा जिन्यात तोल गेला तेव्हा दाढीवाल्याने ऐकलं नाही, रिक्षात घालून मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाईंना बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, मनगट फिरवून पाहिलं. मग समोर खुर्ची ओढून बराच वेळ नुसत्या बघत बसल्या.

‘‘यांचा चेहरा असा कधीपासून आहे?’’

दाढीवाल्याला भरून आलं. तो अभिमानाने म्हणाला, ‘‘डॉक्टर, तो त्यांनी कमावलेला आहे. आमच्या सगळ्या शास्त्राला त्यांची ती देणगी आहे.’’ आणि त्याने भुरीची गोष्ट सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली, पण हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की हा कंपवात आहे. हात थरथरलाच पाहिजे असं नाही, पुष्कळांत चेहरा आधी जातो. माणूस आतून हसतो, रडतो, स्नायूंपर्यंत ते पोचत नाही. घरचे लोक लगेच ओळखतात, कारण चेहरा बदललेला दिसतो. यांच्या बाबतीत तो बदल कुणाला दिसणारच नव्हता. ‘‘बरीच वर्षं झाली असावीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मधली काही वर्षं यांना वाटत असेल चेहरा हलतोय, पण तो हलत नसणार.’’

बाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, किती वर्षं? नेमकं सांगता येणार नाही, पण पाच-सहा तरी धरा. औषधाने थोडा फरक पडेल, फार नाही. दाढीवाला पथ्याची चौकशी करत होता. बाई हिशेब लावत होत्या, आणि त्या हिशेबात एकच दुपार होती. कपड्यांच्या घड्या, दार आणि वर झालेली धाकटीची मान.

आपण हसलेलं धाकटीला दिसलंच नव्हतं.

दोन दिवस बाईंनी फोनकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लावला. आजाराचं आधी सांगितलं, कारण ते सोपं होतं. धाकटी घाबरली, मग नेहमीप्रमाणे रागावली, इतके दिवस डॉक्टरकडे का गेली नाहीस म्हणून. बाईंनी तिला बोलू दिलं. मग म्हणाल्या, ‘‘तू राहू का म्हणालीस ना, तेव्हा मी हसले होते.’’

‘‘काय? मोठ्याने बोल जरा.’’

‘‘मी हसले होते. मला वाटलं तुला दिसलं.’’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

‘‘मी बघत होते गं तुझ्याकडे,’’ धाकटी म्हणाली. ‘‘डोळे फाडून बघत होते. मला वाटलं, नको आहे हिला, पण तसं सांगवत नाहीये.’’ मग तिचा आवाज चढला. ‘‘आणि तोंड नव्हतं का तुला? एक शब्द, ताई. राहा. एवढाच. जगभर शिकवत फिरलीस, विचारावं म्हणून. मी विचारलं होतं की.’’

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आवाज जेवढा वर चढत होता तेवढा चढवून त्या म्हणाल्या, ‘‘येतेस आता?’’

धाकटीने नाक ओढलं. ती रडत होती हे बाईंना ऐकू आलं. मग ती अगदी सावकाश बोलली. इथे आता सगळं बसलंय, नातीला शाळेत सोडायला-आणायला तीच जाते, सून नोकरीला, गुडघे तर आता जिन्याचं नावच काढू देत नाहीत. ‘‘नाही गं ताई. आता नाही जमायचं.’’

‘‘बरं,’’ बाई म्हणाल्या. मग थांबून, चुकतमाकत, परक्या भाषेतलं वाक्य जुळवावं तशा म्हणाल्या, ‘‘मला वाईट वाटलं.’’

‘‘मलासुद्धा.’’

फोन ठेवणं मात्र दोघींच्याही जिवावर आलं. शेवटी धाकटी म्हणाली, ‘‘माझी भांडी पडलीत सकाळपासून. ठेवू नकोस फोन, मी इथेच ओट्यावर ठेवते. घासून घेते आणि बोलते.’’

बाई खुर्ची ओढून बसल्या. पलीकडे नळ सुटला. एकेक भांडं वाजत होतं, ताट, झाकण, चमच्यांचा तो झुबका. धाकटी मध्येच स्वतःशी काहीतरी पुटपुटली, बहुतेक घासणी सापडत नव्हती. बाई कान लावून ऐकत राहिल्या. नळ बंद झाला. पावलं लांब गेली, कुठेतरी कपाट उघडलं, दारावरची घंटा वाजली, धाकटी कुणाशी तरी बोलत बाहेरच्या खोलीत गेली आणि तिकडेच राहिली. ओट्यावर आता काहीच वाजत नव्हतं. तरी बाई बसून होत्या.

मग जवळून सुनेचा आवाज आला, ‘‘अहो आई, फोन चालूच राहिलाय तुमचा,’’ आणि तिने तो बंद केला.